कमी औषधाची कुळकथा

स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पोचला की तो समूळ जाईल असं सहसा कुणी म्हणत नाही. आधी तीन-चार औषधांची जोरदार केमो देतात. आजार थोपला की काही महिन्यांनी त्यातली जड औषधं काढून एखादंच सोसवणारं औषध चालू ठेवतात. याला डॉक्टर आणि नातेवाईक दोघंही 'मेंटेनन्स' म्हणतात. ही पद्धत स्वादुपिंडासाठी जन्मली नव्हती.

तिचं मूळ मुलांच्या ल्युकेमियात आहे. 1950च्या दशकात औषधांनी आजार दिसेनासा व्हायचा आणि थोड्याच काळात परतायचा. अमेरिकेत एमिल फ्रायराइक आणि सहकाऱ्यांनी 1963 साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्टिरॉइडने आजार दबलेल्या काही रुग्णांना 6-मर्कॅप्टोप्युरीन चालू ठेवलं, काहींना नुसती औषधविरहित गोळी दिली. औषध घेणाऱ्यांचा आजार कितीतरी जास्त काळ दूर राहिला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी ही चालू औषधं दोन-तीन वर्षं देण्याचा आग्रह धरला. तिथे हेतू स्पष्ट होता: मूल पूर्ण बरं करायचं.

स्वादुपिंडात या कल्पनेला बराच काळ थाराच नव्हता. 1997 साली जेमसायटाबीनची चाचणी प्रसिद्ध झाली. नव्या औषधाने मध्यक आयुर्मान 5.65 महिने, जुन्या 5-एफयूने 4.41. निम्मे रुग्ण सहा महिन्यांच्या आत जात असतील, तर 'पुढे काय चालू ठेवायचं' हा प्रश्न पडायला वेळ कुठे उरतो? मेंटेनन्ससाठी आधी आयुष्य लांबावं लागतं, आणि ते लांबवलं 2011 साली फ्रान्समधल्या तिएरी कोनरॉय यांच्या गटाने. त्यांच्या फॉल्फिरिनॉक्स या औषधमिश्रणाने आयुर्मान 11.1 महिने झालं. एकट्या जेमसायटाबीनने ते 6.8 होतं.

या मिश्रणातली तीन मुख्य औषधं म्हणजे ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन आणि 5-एफयू.

यांपैकी मेंटेनन्सची गरज उभी केली ती ऑक्सॅलिप्लॅटिनने. ते नसांना इजा करतं. थंड पाण्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मात्रा साठत गेली की बोटं बधिर होतात, सदऱ्याची बटणं लागत नाहीत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फ्रेंच डॉक्टरांना हा त्रास आधीच भेटला होता. 2006 साली त्यांच्या ऑप्टिमॉक्स चाचणीने दाखवलं, की सहा सायकलनंतर ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून फक्त 5-एफयू आणि ल्युकोव्होरिन दिलं, तरी आयुष्य घटत नाही. ल्युकेमियातलं मेंटेनन्स आजार मुळापासून घालवण्यासाठी होतं. स्वादुपिंडाकडे आलं ते हे दुसरं, रुग्णाचे हातपाय शाबूत राखण्यासाठी निघालेलं.

मधल्या काळात मेंटेनन्ससाठी गोळीचाही प्रयत्न झाला. 2019च्या पोलो चाचणीत बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असलेले रुग्ण शोधायला 3315 जणांची तपासणी करावी लागली आणि प्रत्यक्ष चाचणीत आले 154. ओलापॅरिब या गोळीने आजार 7.4 महिने थोपवला, औषधविरहित गोळीने 3.8. एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. तरीही केमोच्या खुर्चीत न बसता गेलेले ते महिने मला मोलाचे वाटतात.

ज्यांच्यात तो दोष नाही, त्या बहुसंख्य रुग्णांसाठीचं उत्तर 2021 साली फ्रान्समधूनच आलं. पॅनोप्टिमॉक्स चाचणीत एका गटाला सहा महिने पूर्ण फॉल्फिरिनॉक्स दिलं, दुसऱ्याला चार महिने आणि मग फक्त 5-एफयू व ल्युकोव्होरिन. आयुर्मान अनुक्रमे 10.1 आणि 11.2 महिने, म्हणजे साधारण सारखंच. रोजचं जगणं न ढासळता मिळालेला काळ मात्र 7.2 महिन्यांवरून 11.4 वर गेला. एक गोष्ट उलटी निघाली: नसांची तीव्र इजा मेंटेनन्सच्या गटातच जास्त होती, 10.2 टक्क्यांच्या तुलनेत 19.8, बहुधा त्या गटाला एकूण ऑक्सॅलिप्लॅटिन जास्त मिळाल्यामुळे. म्हणून ठरलेल्या सायकलची वाट न पाहता, मुंग्या वाढू लागल्या की ऑक्सॅलिप्लॅटिनची मात्रा कमी करावी किंवा ते थांबवावं, याकडे डॉक्टर लक्ष ठेवतात, आणि रुग्णानेही त्या लपवू नयेत.