सुप्याची कर्जखते आणि आजचा यूएक्स डिझायनर

आजचा धागा एका नोकरीविषयी आहे. किरकोळ विक्री करणाऱ्या कंपन्यांमध्ये 'यूझर एक्स्पीरियन्स डिझायनर' नावाचे पद असते. सोयीसाठी त्याला यूएक्स म्हणतात. वस्तूची खरी किंमत गिऱ्हाइकाला कोणत्या पायरीवर दिसावी, पावती आपोआप मिळावी की मागावी लागावी, 'होय' किती ठळक असावे आणि 'नको' किती फिकट, हे ही मंडळी ठरवतात. बारामती-इंदापूरकडून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींपुढे आज हाही एक पर्याय असतो. इतिहासाच्या धाग्यात हे कशाला, असे वाटेल. पण दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यामधल्या कागदाची रचना कशी असावी, या प्रश्नावर आपल्या देशात झालेला एक मोठा संघर्ष बारामती तालुक्यातच पेटला होता.

सुपे म्हटले की आपल्याला शहाजीराजांची जहागीर आठवते, संभाजी मोहिते मामांचा प्रसंग आठवतो. आपण मात्र १८७५ च्या सुप्यात जाऊ. तेव्हा ते भीमथडी तालुक्यातले बाजाराचे मोठे गाव होते. मारवाडी आणि गुजर दुकानदारांची वस्ती होती. धान्य, कापड विकणारा आणि कर्ज देणारा बहुधा एकच माणूस असे. १२ मे १८७५ रोजी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून कुणबी जमले, दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी वह्या व कर्जखते मागितली. खाती जाळली, धान्याची दुकाने लुटली, काही घरांना आगही लावली. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोहोचले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की एवढ्या विस्तारलेल्या उठावात माणसांवर हल्ले फार थोडे झाले. अनेक ठिकाणी सावकाराने खते निमूटपणे काढून दिली की जमाव परत फिरे. त्यांचा राग कागदावर होता.

असे काय होते त्या कागदात?

तो लिहून घेई सावकार. लिहीत असे त्याचा कारकून किंवा गावचा लिहिणारा, मोडीत. दुकानाच्या वह्या तर पुष्कळदा सावकाराच्या स्वतःच्या लिपीत असत. ज्याने सही करायची त्याला दोन्ही वाचता येत नसे. तो 'निशाणी नांगर' करी, म्हणजे सहीच्या जागी नांगराचे चित्र. मराठी कागदपत्रांतली ही पद्धत जुनी आहे. पेशावरून, जातीवरून निशाण्या ठरलेल्या असत, आणि निरक्षर माणसाला ओळख देणारी ती मोठी सुंदर सोय होती. पण निशाणी फक्त 'मी हजर होतो' एवढेच सांगे. मजकूर समजला की नाही, हे तिच्यातून कळण्याचा मार्ग नव्हता. शेवटी तो कागद राही सावकाराच्या पेटीत. कुणब्याजवळ त्याची नक्कलही नसे.

त्यात सरकारने एक भर घातली, तीही चांगल्या हेतूने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षे ठरली. व्याज साचत जाऊ नये, हा उद्देश. सावकारांनी त्यातून वाट काढली: दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहायचे. हिशेब करून पाहा. समजा १०० रुपये कर्ज, वर्षाला शेकडा २५ व्याज. तीन वर्षांनी नवे खत १७५ रुपयांचे. त्यानंतरचे ३०६ रुपयांचे. नऊ वर्षे संपताना आकडा ५३५ च्या पुढे. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येत नाही, म्हणजे १०० चे फार तर २००. पण प्रत्येक नव्या खतात 'मुद्दल'च बदललेले असल्यामुळे दामदुपट मोजायची कशावर? कुणब्याने मात्र प्रत्येक वेळी एक नांगर काढला, एवढेच.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात मिरजगाव आहे. तिथल्या एका रयतेने कलेक्टरला केलेला अर्ज पुढे चौकशी आयोगाच्या कागदपत्रांत आला. त्यातील तक्रारी आजच्या माणसालाही ओळखीच्या वाटतील. रोखीने घेणाऱ्याला जो भाव लागतो त्याहून पाव पट, अर्धी पट अधिक भाव उधारीवाल्याला लागतो. शेतातले पीक सावकार घेऊन जातो, जमा करतो म्हणून सांगतो आणि खात्यावर दाखवत नाही. पावती मागितली तर देत नाही. कोणत्याही विक्री कंपनीत यूएक्सवाल्याचे पहिले काम गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकून नोंदवणे हे असते. तशा नोंदीचा याहून नेमका नमुना माझ्या पाहण्यात नाही.

अर्थात सगळा दोष कागदावर आणि सावकारावर टाकून चालणार नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि उधारी आटली. त्याच सुमारास सारा वाढला. इंदापूर तालुका तर सरकारची प्रयोगशाळाच होता. प्रिंगलची पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये तीस वर्षांचा नवा बंदोबस्त इंदापुरातच सुरू केला, आणि १८६७ मध्ये फेरआकारणीही आधी तिथेच झाली. ज्या गावांत नव्या आकारणीने सारा दीडपट-दुप्पट झाला, तिथला कुणबी तो रोख, ठरल्या हप्त्याला कुठून भरणार? सावकाराकडून. सावकाराचेही म्हणणे होते: पाऊस बेभरवशाचा, तारण किरकोळ, आणि सरकारी हप्त्याच्या दिवशी गाव त्याच्याच ओट्यावर उभे. आणखी एक गोष्ट अवघड असली तरी सांगितली पाहिजे. रोख मुख्यतः परप्रांतीय मानल्या गेलेल्या मारवाडी-गुजरांवर राहिला. सावकारी करणारे गावचे ब्राह्मण पुष्कळ ठिकाणी वाचले. या उठावाला निव्वळ न्यायाची लढाई म्हणणाऱ्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

१८५७ ची आठवण ताजी होती. वरिष्ठ सरकारच्या दडपणामुळे मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यातील लवाद, व्याजाची फेरतपासणी, कर्जासाठी शेतकऱ्याला अटक न करण्याची तरतूद यांची चर्चा पाठ्यपुस्तकांत असते. मला मात्र त्यातल्या कागदाविषयीच्या कलमांचे अधिक मोल वाटते, कारण ती वाचताना समोर एखाद्या पडद्याचा आराखडा उभा राहतो.

शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सही किंवा निशाणी घ्यावी. दस्त कोणत्या रकमेपोटी झाला, ते त्यातच पुरते लिहिलेले असावे. शेतकरी मागेल तर वर्षाचा हिशेब लेखी द्यावा. त्याच्याजवळ खातेपुस्तक असावे आणि सावकाराने वेळोवेळी त्यात नोंदी करून सही करावी. आणि पैसे फेडल्याबरोबर पावती द्यावी, शेतकऱ्याने मागितली असो वा नसो.

शेवटच्या शब्दांवर थोडे थांबू या. 'मागेल त्याला पावती' असा नियम करणे सोपे होते. पण ज्याच्या ओट्यावर पुढच्या पेरणीचे बियाणे मागायला जायचे आहे, त्याच्याकडे पावती मागण्याची छाती किती जणांची? मागणे हीच अडचण आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले आणि भार देणाऱ्यावर टाकला. आज यूएक्सच्या परिभाषेत याला 'डीफॉल्ट' म्हणतात: वापरणाऱ्याने काहीच केले नाही तर काय घडेल, ते आधी ठरवून ठेवणे. या कामातले सर्वांत मोठे सामर्थ्य तिथेच असते. वार्षिक हिशेबाच्या बाबतीत त्याच कायद्याने 'मागेल तर' ठेवले, हे मला त्याचे उणे वाटते.

कायदा कागदावर जितका देखणा, तितका व्यवहारात चालला नाही. १८८० च्या दशकात न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखालच्या न्यायालयांची तपासणी करीत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते. सावकारांनी तोवर नवी वाट शोधली होती: गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि 'पैसे फेडलेस की जमीन परत' हे तोंडी सांगायचे. दस्त मोठ्याने वाचला जाई, पण खरी अट त्या दस्तात नसेच.

पुढचा काळ भरभर ओलांडू. १९५६ च्या कायद्याने शेर-पायलीच्या जागी किलो-लिटर आणले. १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव छापणे सक्तीचे केले. पाकिटाची मागची बाजू ही त्या अर्थाने १८७९ च्या खातेपुस्तकाची नात आहे. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक रचनेचे केंद्र सुरू झाले. तिथे शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी संगणकासाठी घडवलेला 'मंगल' टंक तुमच्यापैकी अनेकांनी नकळत वाचला आहे. अमेरिकेत १९९३ च्या सुमारास डॉन नॉर्मन यांनी ॲपल कंपनीत आपल्या पदनामात 'यूझर एक्स्पीरियन्स' हे शब्द घेतले, आणि धंद्याला नाव मिळाले. भाषेचा प्रश्न मात्र आपल्याकडे रेंगाळला. ॲमेझॉनचे भारतीय दुकान मराठीत दिसू लागले ते २०२१ मध्ये, तेही आधीच्या वर्षी मराठीसाठी मोठी ओरड झाल्यावर.

२०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या इंग्रज डिझायनरने 'डार्क पॅटर्न' हा शब्द रूढ केला. आपण फसवी रचना म्हणू. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, खरा भाव शेवटच्या पायरीवर उघड करणे, वर्गणी सुरू करायला एक बोट आणि बंद करायला दहा पायऱ्या. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मिरजगावच्या अर्जदाराला ती यादी वाचून दाखवली असती, तर त्यातले तीन-चार प्रकार त्याने लगेच ओळखले असते.

आता या नोकरीकडे पुन्हा वळू. करिअरची माहिती देणारे सांगतात की यूएक्सवाला हा गिऱ्हाइकाचा वकील असतो. मला त्याचा खरा पूर्वज दिसतो तो सावकाराच्या ओट्यावर बसून खत लिहिणारा कारकून. तोही कुशल होता, अक्षर वळणदार, भाषा नेटकी. पगार एकाकडून आणि परिणाम दुसऱ्यावर, ही त्याची स्थिती होती आणि आजच्या डिझायनरचीही तीच आहे. कंपनीच्या बैठकीत विक्रीचा आकडा समोर असतो, गिऱ्हाईक नसते. 'नको'चे बटण फिकट केले तर खप वाढतो, हे मोजून दाखवता येते. गमावलेला विश्वास तिमाहीच्या तक्त्यात मावत नाही. मुलाखतीला जाताना आपल्या कामाचे नमुने नेतात, त्यांत आपण काय करायला नकार दिला याचे एखादे उदाहरण ठेवता आले तर पाहा.

ज्यांना खोलात जायचे असेल त्यांनी दख्खन दंगे आयोगाचा अहवाल आणि विशेषतः त्याची परिशिष्टे वाचावीत. पुढच्या धाग्यात इंदापूर: प्रिंगलची मोजणी का फसली आणि गोल्डस्मिडने तिथे काय वेगळे केले.