आधी जमीन, मग वहाण

जुन्नर तालुक्यातली राजुरी कल्याण-नगर रस्त्यावर आहे, आळेफाटा आणि बेल्हे यांच्या दरम्यान. हा रस्ता डांबरी होण्याच्या कितीतरी आधीपासून या भागातली माणसे पायी चालत आली आहेत: बाजाराला, जत्रेला, घाट उतरून कोकणात. ती कशावरून चालत, हे आधी पाहायला हवे. पूर्वेला आण्याचे पठार, तिथे मुरूम आणि खडे. नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती. जुन्नर मागे टाकून पश्चिमेला गेले की लाल माती, कातळ, आणि शेवटी नाणेघाटाच्या पायऱ्या. दोन-तीन दिवसांच्या चालीत पायाखालची जमीन तीन वेळा बदलते. प्रवासासाठी पादत्राण निवडताना आज आपण दुकानात उभे राहून अंगठ्याने तळ दाबून बघतो, मऊ लागला की पसंत करतो. या मुलखाचा इतिहास सांगतो की चालणाऱ्याची सोय मऊपणावर कधीच ठरली नव्हती. ती ठरली जमिनीवर, पायाच्या मापावर, आणि झिजलेली वहाण पुन्हा शिवून देणाऱ्या हातावर.

याचा एक जुना आणि बोलका दाखला पाली विनयपिटकात आहे. त्यातल्या महावग्गात चामड्याच्या वस्तूंवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अनवाणी येरझाऱ्या घालून सोण कोळिविस या भिक्षूचे पाय रक्ताळले, तेव्हा बुद्धांनी भिक्षूंना एकपदरी वहाणांची मोकळीक दिली. पुढे त्याच प्रकरणात अवंती-दक्षिणापथातून आलेला दुसरा सोण, सोण कुटिकण्ण, आपले गुरू महाकच्चान यांच्या वतीने काही सवलती मागतो. त्यांतली एक वहाणांबद्दल आहे. आमच्याकडची भुई वरून काळी आहे, खरखरीत आहे, गोकंटकांनी भरलेली आहे, तेव्हा एकपदरी तळाने भागत नाही, असे त्याचे म्हणणे. ते मान्य होते आणि सीमेवरच्या प्रदेशांसाठी अनेकपदरी तळाच्या वहाणा चालतील असे ठरते. या ठिकाणी गोकंटक म्हणजे गुरांचे खूर असा अर्थ सहसा घेतात. पावसात चिखलात उमटलेले खूर उन्हाळ्यात वाळून विटेसारखे कडक होतात, काळ्या रानात चैत्रात चालणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. संस्कृतात हाच शब्द गोखरूलाही लावतात, म्हणजे आपल्या सराट्याला. अर्थ कोणताही घ्या, तळ जाड हवा हेच निघते. अवंती म्हणजे माळवा, तिथला दाखला जुन्नरला कशाला, असे कुणी विचारील. शंका रास्त आहे. या उताऱ्यावरून जुन्नरचे भिक्षू काय घालत हे सिद्ध होत नाही. पण मागणी दक्षिणापथाच्या नावाने आहे, तिचे कारण काळी जमीन आहे, आणि ती जमीन माळव्यापासून दख्खनपर्यंत पसरलेली आहे. चालण्याचा नियम जमिनीप्रमाणे बदलला पाहिजे, हे इतक्या जुन्या काळी कुणीतरी कारण देऊन मांडले आणि ते मानले गेले, हे माझ्या मते मोलाचे आहे.

तो अनेकपदरी तळ गावगाड्यात कसा तयार होई, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे, शिवण्याचे चांभारांचे. कच्चे कातडे चुन्यात घालून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. हिरडा तर इथलाच: जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आजही तो गोळा करून विकतात, आणि इंग्रजी अमदानीत तो कातडे कमावण्यासाठीच परदेशी जाई. कमावलेले म्हशीचे कातडे भिजवून, ठोकून घट्ट करायचे. रापीने पावलाच्या आकाराचे पदर कापायचे, एकावर एक ठेवायचे, आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळा नाही. वर पट्टा आणि अंगठा. खिळा नसल्याने तळ झिजला तरी टोचत नाही, आणि वादी तुटली तर तेवढीच बदलता येते. टाच घासली की टाचेपुरता नवा पदर. ही दुरुस्ती गावातच होई, कारण चांभार बलुतेदार होता आणि खळ्यावर त्याचा वाटा असे. त्या वाट्यामागे वहाणांपेक्षा मोठे काम होते ते मोटेचे. विहिरीवर चालणारी चामड्याची मोट फाटली की पाणी थांबे. वहाण हे मोटेच्या जोडीने चालणारे काम होते, आणि म्हणूनच शेतकऱ्याच्या पायाचे माप जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर टिकून राहिला.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की बहुसंख्य लोक अनवाणीच चालत होते, मग कसली निवड? आक्षेप खरा आहे, आणि त्याची एक बाजू फार कडू आहे. अनेकांना वहाण परवडत नव्हती, आणि अनेकांना ती घालून वरच्या जातीच्या आळीतून जाण्याची मुभा नव्हती. पायातून काढून हातात घ्यावी लागे. जे हात ती घडवत त्यांनाच गावाने अंतरावर ठेवले. हे नेहमीच असे नव्हते. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कासारांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणी भेटतात, आणि आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराने केलेल्या दानाची नोंद आहे. ज्या धंद्यातल्या माणसाचे नाव दाता म्हणून दगडावर कोरले गेले, त्या धंद्याला पुढच्या शतकांत हीन ठरवले गेले. त्यामुळे जुन्या वहाणेचे गोडवे गाताना मोजमाप, शिवण, टिकाऊपणा यांचेच गावेत; ज्या व्यवस्थेत ती मिळे तिचे नव्हे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतून मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडले गेले, त्यात कातड्याचा जुना पुरवठा तुटला असेल तर तो तुटायलाच हवा होता. पण लोक अनवाणी चालत म्हणून निवडीचा प्रश्न नव्हता, हे पटत नाही. ज्याच्याकडे एकच जोड होता, तो माणूस तो कुठे घालायचा आणि कुठे हातात घ्यायचा हे रोज ठरवत होता.

दुसरा आक्षेप वहाणेवरच आहे. ती जड, सुरुवातीला लाकडासारखी कडक, अंगठ्याजवळ फोड आणणारी. पंधरा दिवस तेल चोळल्याशिवाय पायाला बसत नाही. शिवाय पावसात भिजली की फुगते. हे सगळे कबूल. पण त्यातच तर उत्तर आहे. कडक तळ काट्याला आणि वाळलेल्या खुराला अडवतो, उघडी वरची बाजू उन्हाळ्यात पायाला वारा देते. म्हणजे ती कोरड्या काळ्या रानासाठी आणि मुरमासाठी बेतलेली आहे. चिखलात आणि ओल्या कातळावर ती काढून हातात घेणे हा तिच्या वापराचाच भाग होता, कारण शेवाळलेल्या पायरीवर गुळगुळीत चामड्यापेक्षा उघड्या पायाची बोटे चांगली धरतात. सातवाहनकाळापासून वाहत्या असलेल्या नाणेघाटात, राणी नागनिकेच्या शिलालेखाच्या लेण्यावरून आणि जकातीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दगडी रांजणावरून खाली उतरताना, हा फरक तळपायाला लगेच कळतो. त्याच शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेत हजारोंनी गाई दिल्याची नोंद आहे. ज्या गुरांच्या खुरांनी भुई खरखरीत केली, त्यांच्याच कातड्याने पाय वाचवले.

ही घडी मोडली ती वहाण वाईट ठरल्यामुळे नाही. विहिरीवर तेलाचे इंजिन आणि मग विजेचा पंप आला, मोट गेली, आणि मोटेबरोबर चांभाराचा खळ्यावरचा वाटा गेला. निव्वळ वहाणांच्या दुरुस्तीवर घर चालणे शक्य नव्हते. १९३१ मध्ये भारतात आलेल्या बाटाचे तयार जोड हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत पोचले, जुन्या टायरच्या वहाणा आल्या, मग रबरी स्लीपर. रस्ता डांबरी झाला आणि लांबच्या चालीची जागा एसटीने घेतली. टायरची वहाण मात्र मी या इतिहासातली इमानदार वारस मानतो: जाड, काट्याला दाद न देणारी, पावसाला न घाबरणारी, आणि गावातच शिवता येणारी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, ते चांगलेच झाले; पण आज ती बहुधा लग्नात आणि सणाला पायात असते, सराट्यातून चालायला नाही.

मग आज राजुरीहून पायी निघणाऱ्याने काय घ्यावे? डांबरावर आणि सिमेंटवर जमीन सपाट आणि कठीण आहे. तिथे दणका शोषणारा तळ हवा, आणि तिथे मऊ बूट खरोखर उपयोगी आहे. तोच मऊ फोम आण्याच्या पठारावर बाभळीच्या काट्याला पार करून देतो. नाणेघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर खोल खाचांचा, चिकट रबराचा तळ लागतो. सह्याद्रीत भटकणारे अनेकजण महागड्या परदेशी बुटांऐवजी स्वस्त देशी ट्रेकिंगचे बूट घेतात, त्यामागे हाच अनुभव आहे. एका जोडात तिन्ही जमिनी भागवायच्या असतील, तर ज्या जमिनीवर पडण्याची भीती अधिक तिचा तळ निवडावा आणि उरलेल्या वाटेवर थोडे जड चालणे सोसावे. मापाच्या बाबतीत मात्र जुनी रीत सोडायचे कारण नाही. पाऊल कातड्यावर आखायचे ते माणूस उभा असताना, अंगाचा भार पायावर घेऊन. बसून आखलेले पाऊल लहान येते. आणि दिवसभर चालून पाय फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी, दोन्ही पायांत घालून, दुकानभर चार फेऱ्या मारून घ्यावा.