वऱ्हाडातील वनाधिकार व आंध जमात

१८५३ च्या तहान्वये रिसोडसह वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली आले आणि पुढे राखीव जंगलांतील गवत व लाकूड, ही वहिवाटीची वस्तू, सरकारी उत्पन्नाची बाब बनली. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी शेजारच्या पुसद भागात गवत कापून जंगल कायदा मोडला, तो याच व्यवस्थेविरुद्ध. तथापि त्या सत्याग्रहाने जंगलावर कोणाचा हक्क, हा प्रश्न सुटला नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यास निराळे रूप आले. विदर्भात आंध जमातीस मिळालेली अनुसूचित मान्यता मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ या सहा तहसिलांपुरती होती. अर्थात वाशीम-रिसोडकडील आंध कायद्याच्या दृष्टीने आदिवासी नव्हता. ही क्षेत्रमर्यादा १९७६ च्या अधिनियमाने उठली.

या दुरुस्तीचे मोल २००६ च्या वनहक्क अधिनियमात दिसते. अनुसूचित जमातीच्या वननिवासी दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखविणे पुरते; इतरांस त्याखेरीज तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. तेव्हा वनाधिकाराचा इतिहास जंगलखात्याच्या दप्तराइतकाच जमातींच्या याद्यांतही शोधला पाहिजे.