सुमाकाचे वऱ्हाडी आप्त

इराणांत भाताबरोबर कबाब वाढतात तेव्हां त्यांवर एक तांबडी, आंबट पूड भुरभुरतात. तिचें नांव सुमाक. ऱ्हस कोरिआरिया नांवाच्या झुडपाचीं फळें वाळवून व कुटून ती करतात. रोमन लोकांनाही ती ठाऊक होती. शिवाय याच झुडपाच्या पाल्यानें कातडीं कमावीत. वऱ्हाड पडला चिंचेचा मुलूख. तेथील स्वयंपाकघरांत ही पूड रुळण्याचें कारण नव्हतें. परंतु सुमाकाचें गणगोत यवतमाळच्या रानांत पूर्वापार नांदत आहे. आंबा, बिब्बा आणि चारोळी हीं तिन्ही झाडें त्याच कुळांतलीं.

बिब्बा शहरांत प्रसिद्ध झाला तो धोब्याच्या खुणेमुळें. त्याचें तेल अंगास लागलें कीं फोड उठतात; सुमाकाच्या कांहीं अमेरिकन भाऊबंदांचाही हाच दुर्गुण आहे. अशा दाहक कवचाच्या आंत गोडंबी असावी, ही निसर्गाची थट्टाच म्हणावयाची.

चारोळीची कथा मात्र निराळी. संस्कृत कवींचा प्रियाल वृक्ष तो हाच. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत त्याचा मोहोर आला आहे. वनस्पतिशास्त्रांत त्यास फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉच डॉक्टराचें नांव मिळालें. केळापूर, मारेगांव, घाटंजी या भागांतील गोंड व कोलाम यांनीं त्याला या दोन्ही नांवांवांचून ओळखलें. त्यांच्या लेखीं फळ तें चार, आणि आंतला दाणा ती चारोळी. श्रोत्यांनीं ती श्रीखंडांत वा बासुंदींत अनेकदां चाखली असेल. तिच्यामागचे कष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतात. ऐन उन्हाळ्यांत फळें वेंचावयाचीं, भिजवून व चोळून गर काढावयाचा, बी वाळवावयाचें आणि मग तें जात्यांत अशा हलक्या हातानें भरडावयाचें, कीं कठीण कवची फुटावी पण दाणा अखंड राहावा. एवढें करून हातीं येणारा दाणा मसुरीएवढा! बस्तरांत व्यापारी मिठाच्या मोबदल्यांत हा माल नेत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

इ. स. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०५ पर्यंत वणी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत सरकारचें लक्ष कापसावर होतें. जंगलें राखीव झालीं, आणि १९२७ च्या वन कायद्याच्या भाषेंत रानांतील फळ ही ‘वनोपज’ ठरली. जें झाड आजोबांनीं राखलें, त्याचें फळ नातवानें परवानगीनें वेंचावें, अशी स्थिति आली. हा अन्याय दूर होण्यास फार काळ लागला. १९९६ च्या कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी मानली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ती वेंचण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना दिला.

हक्क मिळाला, पण झाड राहिलें पाहिजे. भाव चढला कीं स्पर्धा वाढते. शेजाऱ्याच्या आधीं फळ हातीं लागावें म्हणून तें कच्चेंच तोडतात, कित्येकदां फांदीसकट. कच्च्या फळाचा दाणा भरत नाहीं आणि त्याच्या बियांतून रोपही धड उगवत नाहीं. तोडणी कोणत्या दिवशीं सुरू करावी हें आतां ग्रामसभा ठरवूं शकते. रान दोन गांवांचें असेल तर मात्र दोन्ही सभांना एकत्र बसूनच तो दिवस नेमावा लागतो.