प्रकारविरोध आणि दोषस्थान : एका शोधाचा मागोवा

१

वाक्यात विरोध असणे आणि वाक्यातील अमुक एक पद चुकीचे असणे या दोन भिन्न गोष्टी होत. 'पांढरी बैल आली' हे वाक्य सदोष आहे, याविषयी मराठी भाषकांत दुमत होणार नाही. परंतु दोष नेमका कोठे आहे असे विचारल्यास उत्तर तितके सरळ नाही. 'बैल' हे नाम कायम धरले तर 'पांढरी' आणि 'आली' ही दोन्ही पदे बदलावी लागतात. उलट, वक्त्याच्या मनात 'गाय' असेल तर एकच पद बदलून वाक्य शुद्ध होते. व्याकरण विरोध दाखवून देते. वक्त्याचा अभिप्राय ते सांगू शकत नाही.

संगणकाच्या ज्या भाषांना फलननिष्ठ भाषा म्हणतात, त्यांच्या इतिहासात हाच प्रश्न गेल्या काही दशकांत पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. या भाषांत प्रत्येक पदाचा प्रकार (संख्या, मजकूर, यादी, फलन इत्यादी) लेखकाने सांगितलाच पाहिजे असे नाही. पदांच्या परस्परसंबंधांवरून यंत्र तो अनुमानाने ठरविते. यास प्रकारानुमान म्हणता येईल. अनुमानात विरोध आला की यंत्र आज्ञावली नाकारते आणि एका ओळीकडे बोट दाखविते. ते बोट बरोबर ठिकाणी असतेच असे नाही. असे का व्हावे, हे या कल्पनेच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

२

पदांच्या अन्वययोग्यतेचा विचार आपल्याकडे जुना आहे. शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी यांची आवश्यकता असते, असे नैयायिक मानतात. आठल्ये आणि बोडस यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेसाठी संपादिलेल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहामुळे हे विवेचन महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. 'विस्तवाने शिंपतो' हे योग्यताभंगाचे रूढ उदाहरण होय. शिंपणे या क्रियेस द्रव पदार्थ हवा. विस्तव द्रव नव्हे.

अशा वाक्यापासून अर्थबोध होतो की नाही, याबद्दल मात्र मतभेद आहे. योग्यतेचे ज्ञान नसेल तर शाब्दबोधच होत नाही, ही नैयायिकांची भूमिका. काळे उपनावाच्या महाराष्ट्रीय घराण्यातील, पण काशीस राहून ग्रंथरचना करणाऱ्या नागेशभट्टाने वैयाकरणांच्या बाजूने याचा प्रतिवाद केला. शब्दाचा अर्थ बुद्धीत असतो. म्हणून बाधित वाक्याचाही बोध होतो, फक्त तो वस्तुस्थितीशी जुळत नाही, असे त्याचे म्हणणे. विस्तवाने शिंपणाऱ्यास आपण हसतो ते वाक्य समजल्यामुळेच.

३

पाश्चात्त्य तर्कशास्त्रात 'प्रकार' ही कल्पना विरोध टाळण्यासाठीच जन्मास आली. स्वतःचा घटक नसलेल्या सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे काय, या प्रश्नातील अंतर्विरोध बर्ट्रंड रसेल यांनी १९०२ मध्ये फ्रेगे यांना पत्राने कळविला आणि १९०८ मध्ये प्रकारांची श्रेणी कल्पून तो दूर करण्याचा मार्ग मांडला. अलोन्झो चर्च यांनी १९४० मध्ये फलनांच्या कलनास साधी प्रकारव्यवस्था दिली. या व्यवस्थेत प्रकारविरुद्ध पदावलीस अस्तित्वच नाही. हॅस्केल करी यांनी १९३४ पासून वेगळी दिशा धरली होती : पदावली आधी असते, प्रकार हा तिच्याविषयी नंतर केलेले विधान असते. पहिली भूमिका नैयायिकांची आणि दुसरी नागेशाची आठवण करून देते. हे केवळ साम्य आहे. दोन्ही परंपरांत वंशसंबंध मानण्यास आधार नाही.

भाषाविज्ञानातही हीच साधने आली. आयदुकेविच यांनी १९३५ मध्ये आणि लाम्बेक यांनी १९५८ मध्ये वाक्यातील पदांना असे प्रकार दिले की, सकर्मक क्रियापद म्हणजे दोन नामांची अपेक्षा बाळगणारे फलन ठरते. आपल्या शास्त्रातील आकांक्षेस येथे जणू चिन्हरूप मिळाले.

दुसऱ्या भूमिकेतूनच अनुमानाचा प्रश्न निर्माण होतो. कारण प्रकार नंतर लावावयाचा असेल तर तो शोधावा लागतो. १९६५ मध्ये रॉबिन्सन यांनी दोन अपूर्ण आकृती एकरूप करण्याची, म्हणजे एकीकरणाची, रीत प्रसिद्ध केली. ज्या पदावलीस प्रकार लावता येतो तिला एक सर्वांत व्यापक प्रकार असतोच, हे हिंडले यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधून १९७८ मध्ये एमएल या भाषेच्या संदर्भात मांडली आणि १९८२ मध्ये दमास यांच्यासह तिला पूर्णता दिली. करी यांचेच नाव धारण करणाऱ्या हॅस्केल भाषेचे पहिले प्रतिवृत्त १९९० मध्ये निघाले.

४

एकीकरणाची रीत विरोध अचूक हुडकते. दोषस्थानाविषयी मात्र तिला काहीच माहीत नसते. उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्याच्या भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांच्या पावसाची बेरीज करणारी एक छोटी आज्ञावली घ्या. तीत 'नोंद' नावाचे एक पद तीन ठिकाणी आले आहे. पहिल्या ओळीत ते 'मिलिमीटर' या मजकुरास जोडले आहे; दुसऱ्या ओळीत ते एकूण बेरजेत मिळविले आहे; तिसऱ्या ओळीत त्याची शंभर या संख्येशी तुलना केली आहे. यंत्र पहिली ओळ वाचून 'नोंद' हा मजकूर आहे असे ठरविते. दुसऱ्या ओळीत संख्येची अपेक्षा येताच विरोध उत्पन्न होतो आणि दोष दुसऱ्या ओळीवर येतो. वस्तुतः चूक पहिल्या ओळीत आहे : संख्येचे मजकुरात रूपांतर करावयाचे राहून गेले. हीच वाक्ये उलट क्रमाने लिहिली असती तर बोट बरोबर ठिकाणी गेले असते. म्हणजे दोषस्थान येथे तर्काने ठरत नसून वाचनक्रमाने ठरते.

दुसरा प्रसंग आकांक्षेचा आहे. 'सरासरी' हे फलन एकक आणि यादी अशा दोन गोष्टी मागते. लेखक एकच देतो. या भाषांत ती चूक ठरत नाही. उरलेल्या गोष्टीची अपेक्षा बाळगणारे नवे फलन तयार होते आणि मुकाट्याने पुढे जाते. चार ओळींनंतर त्यात संख्या मिळवू गेल्यावर, येथे संख्या हवी होती पण फलन आले, अशी तक्रार उठते. अपुरी राहिलेली आकांक्षा एका ठिकाणची आणि तक्रार दुसऱ्या ठिकाणची, असे हे अंतर आहे. तिसरा प्रकार म्हणजे एखादे फलन स्वतःलाच लावणे. तेथे प्रकार स्वतःच्याच पोटात येतो आणि यंत्र अनंत प्रकाराची तक्रार करते. रसेल यांच्या जुन्या विरोधाचाच हा धाकटा भाऊ म्हणावा लागेल.

५

या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न तीन दिशांनी झाले. मिचेल वँड यांनी १९८६ मध्ये सुचविले की, प्रत्येक अनुमानाबरोबर त्याचे कारणही नोंदवून ठेवावे. विरोध आल्यावर ती कारणे वाचकापुढे मांडता येतात. वेंकटेश चोप्पेल्ला यांनी इंडियाना विद्यापीठातील २००२ च्या प्रबंधात एकीकरणाच्या मुळांचा असाच पद्धतशीर माग काढला. ली आणि यी यांनी १९९८ मध्ये वरून खाली जाणाऱ्या अनुमानरीतीचा अभ्यास करून ती विरोधापाशी लवकर थांबते असे दाखविले. अर्थात लवकर थांबणे म्हणजे योग्य ठिकाणी थांबणे नव्हे.

हाक आणि वेल्स यांनी २००३ मध्ये एकच ओळ दाखविण्याचा आग्रहच सोडला. विरोधास कारण होणाऱ्या सर्व पदांचा लहानात लहान समूह दाखवावा आणि निवड लेखकावर सोपवावी, असा त्यांचा मार्ग आहे. 'पांढरी बैल आली' या वाक्यात 'पांढरी, बैल' हा एक समूह आणि 'बैल, आली' हा दुसरा. दोहोंत समान असलेले 'बैल' हे पद आपोआप नजरेत भरते. त्याच वर्षी उट्रेख्ट येथील हेलियम या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या प्रणालीने बहुमत आणि नेहमीच्या चुका यांवरून सूचना देण्याची रीत वापरली. बहुमत उपयोगी खरे. परंतु ते प्रमाण नव्हे. वरील 'नोंद' म्हणजे तालुक्याचे नाव, असेच लेखकाच्या मनात असेल तर दोन ओळी चुकीच्या आणि एकटी पहिली बरोबर ठरेल.

६

या इतिहासाचे तात्पर्य अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. यंत्राचा संदेश 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष' अशा दोन प्रकारांची नावे घेतो. ही अपेक्षा लेखकाची नसते. ती तोवर वाचलेल्या पदांवरून यंत्राने बांधलेली असते. नवशिका विद्यार्थी मात्र तिला निर्णय समजतो, दाखविलेली निर्दोष ओळ मोडतो आणि मूळ चूक तशीच राहते. पुढे हा विषय आपल्या आवाक्यातला नाही असे त्याला वाटू लागते, ही हानी लहान नव्हे.

भंडाऱ्यासह पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चा 'डोरा' होतो. प्रमाण मराठीची अपेक्षा बाळगून ऐकणारा तेथे चूक पाहतो. झाडीबोलीच्या नियमांत चूक नसते. विरोध खरा असतो, पण तो दोन नियमसमूहांच्या सीमेवर असतो, शब्दात नव्हे. प्रकारविरोधाचा संदेशही याच दृष्टीने वाचावा. दाखविलेली ओळ म्हणजे दोन साक्षी जेथे परस्परांविरुद्ध गेल्या ते स्थळ होय. तेथून मागे जाऊन प्रत्येक साक्ष कोणत्या पदाने दिली हे पाहावे आणि ज्या पदाचा प्रकार निश्चित ठाऊक आहे तेथे तो स्पष्ट लिहून टाकावा. त्यामुळे एक साक्ष पक्की होते, आणि दोष पुष्कळदा आपल्या खऱ्या जागी येऊन उभा राहतो.