मिडल ईस्ट: नक्की कोणाच्या पूर्वेला?

आज इंग्रजीतला एकच शब्द घेऊया: ईस्ट. सोपा वाटतो ना? मग सांगा, मुंबईहून दुबईला जाणारं विमान कुठल्या दिशेला जातं? पश्चिमेला. तरी आपण बिनधास्त म्हणतो, 'तो मिडल ईस्टमध्ये असतो.' मग हे ईस्ट कोणाचं?

लंडनचं. तिथून बघितलं तर तुर्कांचं साम्राज्य जवळची पूर्व, म्हणजे नियर ईस्ट. चीन-जपान लांबची, म्हणजे फार ईस्ट. मधल्या पट्ट्याचं काय? १९०२ मध्ये आल्फ्रेड माहान या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने लंडनच्या 'नॅशनल रिव्ह्यू'मध्ये इराणच्या आखातावर लेख लिहिला. त्यात त्याने 'मिडल ईस्ट' म्हटलं. 'द टाइम्स'च्या व्हॅलेंटाइन चिरोलने ते उचललं, त्यावर लेखमाला लिहिली आणि १९०३ मध्ये पुस्तकही काढलं. पुस्तकाच्या उपशीर्षकात काय होतं माहितीये? हिंदुस्थानच्या संरक्षणाचे प्रश्न! म्हणजे हे नाव रुजलं तेच आपल्याला ताब्यात ठेवण्याच्या चिंतेतून.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मिडल ईस्ट कमांडचं मुख्यालय होतं कैरोत. चक्क आफ्रिकेत! जमीन जागेवरच, नाव मात्र सैन्यामागे फिरलं.

मी कोड लिहिणारा माणूस. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो: रेफरन्स पॉइंट कुठला? दिशांचंही तसंच आहे. ईस्ट या शब्दाच्या मुळाशी पहाट आहे. आपल्या 'उषा'शी त्याचं जुनं नातं आहे. संस्कृतात तर माणूसच मधोमध उभा. उगवत्या सूर्याकडे तोंड करा: समोर ती पूर्व, पाठीमागे ती पश्चिम, उजव्या हाताला दक्षिण. फक्त तिथे उभे आपण असतो. 'मिडल ईस्ट' म्हणताना आपल्या जागी दुसराच कोणी उभा असतो.

आपलं परराष्ट्र मंत्रालय म्हणून 'पश्चिम आशिया' म्हणतं. आपले पेपर मात्र अजूनही कधी 'पश्चिम आशिया', कधी 'मध्यपूर्व' छापतात. नुसता शब्दांचा कीस वाटेल, पण बातमी कोणाच्या खिडकीतून बघायची, हे त्या एका शब्दात ठरतं. युद्ध 'मध्यपूर्वेत' पेटलं की ते लांबचं वाटतं. समुद्रापलीकडच्या शेजारी पेटलं म्हटलं की लगेच जवळ येतं.

कोकणात विचारा, मुलगा कुठे असतो? 'आखातात.' त्या शब्दात ना पूर्व, ना पश्चिम. फक्त समुद्र, आणि पलीकडे आपला माणूस.