चुनखडी : जमिनीचा दोष आणि माळाचे फूल

आयर्लंडच्या पश्चिमेस बरेन नावाचा चुनखडकाचा प्रदेश आहे. तेथील उघड्या खडकाच्या भेगांतून उमलणारी निळी जेन्शियन पाहण्यासाठी अभ्यासक आणि हौशी प्रवासी दूरदूरहून जातात. माती थोडी व निकस असल्यामुळे दांडग्या वनस्पतींचे तेथे फावत नाही आणि सावकाश वाढणाऱ्या लहान वनस्पतींना जागा मिळते. शेतीच्या दृष्टीने जे उणे, तेच रानफुलाच्या दृष्टीने अधिक, असा हा प्रकार होय. सोलापूरच्या भूमीकडे याच दृष्टीने पाहू गेल्यास प्रश्न भूगर्भशास्त्रापाशी न थांबता शब्दांच्या इतिहासात शिरतो.

सोलापूर वसले आहे ते काळ्या बसाल्टवर. थरांचा खरा चुनखडक भीमेच्या खालच्या अंगास, कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद-वाडीच्या परिसरात लागतो. घरोघरची शहाबादी फरशी ती त्याचीच. सोलापुरातील चुना निराळ्या जातीचा आहे. बसाल्टमधील खनिजे झिजून त्यांतील चुन्याचा अंश पाण्यात उतरतो. पाऊस बेताचा असल्यामुळे तो सर्वस्वी वाहून न जाता मातीतच साकळतो व त्याच्या पांढुरक्या गाठी बनतात. ओढ्यांच्या दरडींत त्या सहज दृष्टीस पडतात. यांनाच मराठीत चुनखडी आणि हिंदीत कंकर म्हणतात.

या दोन नावांचा स्वभाव भिन्न आहे. ‘चुनखडी’तील ‘चुना’ हा संस्कृत ‘चूर्ण’, प्राकृत ‘चुण्ण’ या मार्गाने आला. ‘खडी’ ही ‘खटिके’पासून. पदार्थ कशाच्या उपयोगी पडतो, हे या नावातच सांगितलेले आहे. ‘कंकर’ मात्र ‘कर्कर’ या रूपाकडे जातो आणि केवळ खड्याचा कठीणपणा दर्शवितो. इंग्रज अंमलदारांनी हा दुसरा शब्द उचलला. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात त्याला स्वतंत्र नोंद आहे. दख्खनचे सर्वेक्षण करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूवर्णनात या गाठींची दखल घेतली होती. ती शास्त्रीय कुतूहलाची नोंद होती.

महसुली दप्तरातील नोंद वेगळ्या हेतूची होती. सोलापूरच्या सीमेलगतच्या इंदापूर तालुक्यात १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या मोजणीस आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम स्थिर झाले. मातीचा पोत व खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरविण्यात आल्या. मग दोष मोजावयाचे : वाळूची भेसळ, उतार, पाण्याचा अतिरेक इत्यादी. चुनखडीच्या गाठींची भेसळ हाही त्या यादीतील एक दोष होता. दोष आढळला की प्रत खाली येई आणि आकारही कमी होई. रयतेच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. परंतु आकारणीपुरते केलेले हे मोजमाप पुढे भूमीचे वर्णन समजले जाऊ लागले. जिचा आकार अल्प, ती जमीन हलकी. हलकी ती पडीक. आणि पडीक ती निरुपयोगी, असा अर्थाचा उतार त्यातून तयार झाला.

वनस्पतींच्या नोंदींनीही हा उतार फारसा अडविला नाही. ग्रॅहम यांच्या १८३९ च्या सूचीची व्याप्ती तिच्या नावाप्रमाणे मुंबई व आसपासची होती. डॅल्झेल व गिब्सन (१८६१) आणि कुक (१९०१–०८) यांचे ग्रंथ इलाखाभर पसरले, तरी घाट व कोकण यांच्या समृद्धीपुढे कोरड्या पठाराचे चित्र फिके राहिले. अनेक वनस्पतींच्या ठिकाणापुढे ‘दख्खन’ एवढाच मोघम निर्देश येतो. माळ, मुरूम, ओढ्याची दरड हे भेद त्यात बुडून जातात.

वस्तुतः माळ रिकामा नसतो. पावसाळ्यात तेथे विष्णुक्रांतेची निळी आणि तरवडाची पिवळी फुले दिसतात. कंदीलपुष्पाच्या काही जाती अशाच कोरड्या भूमीत कंदाच्या आधाराने उन्हाळा काढतात. हे कंद खाण्याजोगे असल्यामुळे माणसे आणि जनावरे ते उकरतात, हे त्यांच्या दुर्मिळतेचे एक कारण आहे. माळ नांगरला गेला अथवा वृक्षलागवडीसाठी खणला गेला, तर कंदासह वनस्पतीच नाहीशी होते.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीनही पडीक म्हणूनच गणली गेली. याउलट १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरासह सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक अभयारण्य घोषित झाले, आणि पुढे त्याचे क्षेत्र पुष्कळच घटविण्यात आले, तरी माळाला प्रथमच स्वतःच्या नावाने संरक्षण मिळाले. कारण त्या पक्ष्याच्या नावातच ‘माळ’ हा शब्द टिकून आहे. फुलांना ते संरक्षण लाभले ते पक्ष्याच्या अनुषंगाने. दुर्मिळ फुलांच्या शोधात सोलापूरच्या माळावर जाणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच वनस्पतिसूचीबरोबर मोजणीचे जुने कागदही वाचावयास हवेत. कोणती भूमी राखावयाची आणि कोणती मोडावयाची, याचा निर्णय पुष्कळदा तिला दिलेल्या नावातच होऊन गेलेला असतो.